मापाचा कुर्ता: सात खरेद्यांचं एक प्रकरण

वैनींनी पिशवी उपडी केली तसे कटिंगच्या टेबलावर सात कुर्ते पडले. "ह्यातले पाच कुणाला तरी देऊन टाका वन्सं," म्हणाल्या, "मी आपली साडीच नेसते. साडीला कोण विचारतंय, लार्ज काय नि एक्सेल काय."

बेळगावच्या शहापुरात माझं अल्टरचं दुकान आणि मागच्या खोलीत शिवणक्लास, दोन्ही मिळून २२ वर्षं झाली. कपडे कमीजास्त करून घ्यायला येणाऱ्या बायका रोजच्याच. पण या वेळी मी सातही कुर्त्यांची मापं, वैनींची मापं, केलेले उपाय आणि माझ्या चुका वहीत उतरवून ठेवल्या. क्लासच्या पोरींना दाखवायला असं अख्खं प्रकरण सहसा हाती लागत नाही. तीच वही इथं जरा नीट लावून लिहिते आहे. वैनींनी परवानगी दिली ती नाव घालायचं नाही या अटीवर.

वैनी म्हणजे माझ्या माहेरच्या गावातली सून, म्हणून वैनी. वय ४७, खानापूरच्या पलीकडं एका गावात हायस्कूलला गणित शिकवतात. उंची बरोबर ५ फूट. शाळेत कुर्ता चालेल असं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता, कारण पावसाळ्यात त्या वाटेनं साडी सावरत जाणं म्हणजे काय ते खानापूरकडच्या माणसालाच कळेल. दीड वर्षात सात कुर्ते घेतले. दोन गणपत गल्लीतून, एक खडेबाजारातून, एक किर्लोस्कर रोडवरच्या मोठ्या शोरूममधून, एक कोल्हापूरला महाद्वार रोडला, दोन मोबाइलवरून मागवलेले. अंगाला लागतात ते दोनच. गणिताच्या बाई, त्यामुळं हिशोबही तयार होता: एकूण ६,२४० रुपये, म्हणजे वापरातला एक कुर्ता ३,१२० रुपयांना पडला.

"माझंच अंग वाकडं झालंय," असं त्या तीनदा म्हणाल्या. मी मोजलं.

माप घ्यायला उभं केलं तर वैनींनी पोट आत ओढलं, श्वास धरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिल्या. छाती आली ३९.५. मी टेप तसाच धरून शाळेच्या गोष्टी काढल्या. दहावीच्या निकालावर आल्या तशा त्या नेहमीसारखं बोलायला लागल्या आणि टेप माझ्या बोटांत आपोआप दीड इंच सरकला. ४१. हे प्रत्येकीचं होतं. श्वास धरून दिलेल्या मापाचा कपडा श्वास धरूनच घालावा लागतो. कंबर ३७, सीट, म्हणजे बसायच्या भागाचा घेर, ४३, दंड १४.५, आणि पाठीवरून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत १४.५.

"माझं माप तर अडतीस," वैनी म्हणाल्या. कुठनं आलं हे अडतीस? बऱ्याच वर्षांपूर्वी शिवलेल्या एका ब्लाउजवरून. तो ब्लाउज अजून शिंप्याकडं 'मापाचा' म्हणून जातो, शिंपी त्यात दरवेळी थोडं सोडतो आणि काही बोलत नाही. आकडा मात्र डोक्यात ३८ च राहिलेला.

मग कुर्ते मोजले. बटणं लावून टेबलावर सपाट पसरायचा, सुरकुत्या हातानं काढायच्या, काखेच्या एक इंच खाली या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत टेप धरायचा आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. पहिले दोन मी मोजले, पुढचे वैनींनी स्वतः, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा बदलत गेला.

तीन कुर्त्यांवर एक्सेल लिहिलेलं होतं. त्यांच्या छात्या भरल्या ४१, ४२.५ आणि ४४. दोन डबल एक्सेल: एक ४४, दुसरा ४६. म्हणजे एका दुकानाचा एक्सेल आणि दुसऱ्याचा डबल एक्सेल सारखाच. एक फ्री साइज, त्याची छाती ४८, मागं बांधायला दोन नाड्या. आणि एकावर चक्क लार्ज, तो ४३. वैनी जे दोन आवडीनं घालत होत्या ते म्हणजे हा लार्ज आणि ४४ चा एक्सेल. लार्ज त्यांनी खडेबाजारात घेतला होता, दुकानदारानं घडी उलगडून "होतंय बघा" म्हटल्यावर, लेबल न बघता. लेबल बघितलं असतं तर हातात धरला नसता.

४१ चा एक्सेल दुकानात ४१ नसावा. सुती होता, दोनतीन धुण्यांत इंचभर आटला असेल. तेवढी सूट दुकानाला द्यायला हवी. पण बिनताणाच्या कापडाचा कुर्ता अंगापेक्षा किमान दोन इंच मोठा लागतो. चाळीशी ओलांडलेल्या, दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला मी तीन धरते. वैनींना हवा ४३ ते ४५. तो कुर्ता नवा असतानाही त्यांचा नव्हता.

त्यातल्या दोन लेबलांनी मला जास्त विचारात पाडलं. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एलच्या जोडीला सेंटिमीटरमध्येही माप असावं, असं वजनमापाच्या नियमांत २०२२ मध्ये आलं. ४२.५ भरलेल्या एक्सेलवर १०७ सेंमी होतं, लार्जवर १०२. वैनींनी तोंडी २.५४ नं भागलं. १०७ म्हणजे ४२, १०२ म्हणजे ४०. पहिल्या कंपनीनं कपड्याचं माप लिहिलंय, दुसरीनं अंगाचं. ४० इंच छातीच्या बाईला हा ४३ चा कुर्ता बसावा, असं दुसरीचं म्हणणं. आकडे दोन्ही खरे, फक्त कशाचे ते लेबलावर कुठंच नाही. "परीक्षेत एकक लिहिलं नाही तर मी अर्धा मार्क कापते," वैनी म्हणाल्या.

इथपर्यंत मला वाटत होतं की प्रकरण समजलं: छातीला कमी पडतंय, बाजूच्या शिवणी उसवून सोडून देऊ. ४२.५ चा जांभळा कुर्ता उलटा केला आणि गप्प बसले. आत पाव इंच कापड, त्यावर ओव्हरलॉक, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून घालतात ती मशीनची शिलाई, मारून कडा कापून टाकलेली. शिंपी शिवतो तेव्हा बाजूला इंच-दीड इंच कापड आत सोडतो, पुढं अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला आमच्यात 'माया' म्हणतात. कारखान्यातल्या कुर्त्यात माया नसते, कारण हजार कुर्त्यांत दोन-दोन इंच वाचले की ते कितीतरी मीटर होतं. त्यांच्या बाजूनं हिशोब बरोबर आहे. पण त्यामुळं तयार कुर्ता लहान करता येतो, मोठा करता येत नाही. दुकानात कुर्ता हातात घेतला की आधी उलटा करून बघा, असं मी आता पोरींना पहिल्या आठवड्यातच सांगते.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती. अडचण छातीत आहे हे मी धरूनच चालले होते. वैनींना जांभळा घालायला लावला, तर छातीवर तसा तटलेला दिसेना. बटणं नीट बसत होती. मग त्रास कुठं? शिवणक्लासच्या भिंतीवर एक फळा आहे, त्यावर मी ड्राफ्टिंग काढते. खडू हातात दिला आणि म्हटलं, "पायथागोरस शिकवा." वैनींनी हात वर केला, काटकोन काढला, आणि दंडावरची शिवण ताणून पांढरी दोरी दिसायला लागली. तिसरी ओळ लिहीपर्यंत हात खाली आला. "हे बघा, असंच होतंय. पोरांना वाटतंय बाई दमल्या."

मग ४६ चा डबल एक्सेल घालायला लावला. हा तरी सैल असणार. खडू वर गेला तसा अख्खा कुर्ता वर गेला, दोन्ही बाजूंचे कट कमरेपर्यंत चढले आणि वैनींचा डावा हात नकळत कुर्ता खाली ओढायला गेला. एका हातानं लिहायचं, दुसऱ्यानं ओढायचं. वर्गात ४० पोरांसमोर.

शिवणकामात नवख्या माणसाला पटत नाही अशी ही गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून सांगते. मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल, तो जेवढा खोल, तेवढा हात मोकळा असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटं. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात वर करताना फक्त बाही हलते, अंगावरचा कुर्ता जागेवर राहतो. मुंढा खाली गेला की बाही आणि कुर्त्याची बाजू एकच होते आणि हाताबरोबर सगळं वर ओढलं जातं. वैनींच्या दंडाला मुंढ्याची गोलाई १८ इंचांच्या आसपास पुरे होती. डबल एक्सेलची भरली २१. आणि जांभळ्यात मुंढा बरा होता, पण बाही दंडाला जेमतेम १५, म्हणजे १४.५ च्या दंडाला अर्धा इंच जागा. एकाला बाही नडली, दुसऱ्याला मुंढा. छाती दोन्हीकडं निर्दोष.

असं का होतं, याला कारण आहे. कारखान्यात प्रत्येक साइजचा नमुना वेगळा काढत नाहीत. एका मधल्या साइजचा कुर्ता एका मॉडेलवर बसवतात आणि तिथून वर-खाली ठराविक अंतरानं वाढवत-घटवत जातात. याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दोन इंचांनी वाढली की खांदाही थोडा वाढवायचा, मुंढा थोडा खोल करायचा, लांबी थोडी वाढवायची. कागदावर हे सुरेख दिसतं. पण बाई लार्जवरून डबल एक्सेलवर जाते ती अशी वाढत नाही. दोन बाळंतपणं, थायरॉइड, चाळिशी, यांनी छाती वाढते, पोट वाढतं, दंड भरतो. खांद्याचं हाड होतं तिथंच राहतं आणि उंची तर एक सूतही वाढत नाही. ५ फुटांच्या बाईला डबल एक्सेल दिला म्हणजे साडेपाच फुटांच्या, रुंद खांद्याच्या कुणा अनोळखी बाईचा कुर्ता दिला. त्याची कंबर हिच्या सीटवर येणार आणि गळा खांद्यावरून घसरणार. दर दहा मिनिटांनी ओढणीची पिन बघत बसायचं.

बरं, मुळात हे आकडे कुणाच्या अंगावरून आले? अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्यानं जवळपास १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली, त्यावरून पुढं १९५८ मध्ये साइजचं एक प्रमाण ठरलं, आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं, कारण कंपन्या आपापल्या सोयीनं आकडे सरकवत होत्या. ज्यांनी एवढं मोजलं त्यांचंही टिकलं नाही. आपल्याकडं निफ्टनं, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं, वस्त्रोद्योग मंत्रालयासाठी इंडियासाइज नावाचं काम हाती घेतलं, सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं यंत्रानं स्कॅन करून घ्यायची म्हणून. त्यातून आपल्या अंगाचा तक्ता मिळाला तर चांगलंच. पण तक्ता सरासरीचा असतो. सरासरी खांदा आणि सरासरी दंड एकाच बाईला असतील असं कुठाय? हे वैनींनीच मला समजावलं, फळ्यावर, दोन आलेख काढून. अर्धं मला कळलं.

आमच्या आज्ज्यांना हा प्रश्न नव्हता. नऊवारी लुगडं सगळ्यांना सारखंच, ज्याचा त्यानं काष्टा आपल्या अंगानं घालायचा. खाली चोळी, ती गुळेदगुड्डच्या खणाची. खण म्हणजे एका चोळीचं कापड, ओटीत नारळाबरोबर मिळणारं. बाई जाड असो बारीक असो, खण तोच, शिवणारी तिच्या अंगावर बसवायची. माप अंगावरून कपड्याकडं जायचं. आता कपडा आधी शिवून ठेवतात आणि अंगानं त्यात बसायचं. तरी आम्ही बायका निम्म्या जुन्याच जगात आहोत. ब्लाउज शिवायला टाकताना मापाचा झंपर नेल्याशिवाय कुणी शिंप्याची पायरी चढत नाही. कुर्ता घ्यायला मात्र रिकाम्या हातानं जातो आणि काउंटरमागचा १९ वर्षांचा पोरगा वरपासून खालपर्यंत बघून आतल्याला ओरडतो, "अण्णा, डब्बल एक्सेल काढ." सगळं दुकान वळून बघतं. वैनी म्हणाल्या की तो आवाज आला की पुढं दिसेल तो घेऊन बाहेर पडावंसं वाटतं, आणि सातातले किमान तीन तसेच घेतलेले होते.

मग ठरलं: मापाचा झंपर तसा मापाचा कुर्ता. त्या खडेबाजारच्या लार्जला आम्ही मापाचा केला.

पुढच्या शनिवारी शाळा सकाळची होती. वैनी दुपारच्या एसटीनं बेळगावला आल्या, आधारकार्ड दाखवून, शून्य रुपयाचं तिकीट हातात धरून. कर्नाटक सरकारची शक्ती योजना जून २०२३ ला सुरू झाल्यापासून खानापूर काय नि निपाणी काय, बायकांचं बेळगावला येणं-जाणं फुकट आहे. कपडे बदलून घ्यायला ह्याचा मोठा उपयोग होतो, हे सरकारच्या ध्यानातही नसेल. आधी १५० रुपये वाचवायला बसचं भाडं घालून कोण परत येणार, म्हणून नको असलेला कुर्ता कपाटात जायचा. कोल्हापूरच्या कुर्त्याचं तसंच झालं होतं. सीमेपलीकडं तिकीट लागतं, आणि बदलायला गेलं तरी बिलावर 'माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं. माल सदोष असेल तर असं छापून सुटता येत नाही, पण साइज न बसणं हा कायद्यानं दोष नाही. त्यामुळं जे काय बघायचं ते पैसे देण्याआधी.

बरोबर घेतलं ते एवढंच: मापाचा कुर्ता, टेप, आणि चिठ्ठीवर तीन आकडे. छाती ४३ ते ४५. खांदा १५ च्या वर नको. दंडाला बाही किमान १६.५. कंबर, लांबी, गळा यांचं काही लिहिलं नाही, कारण ते मी करून देऊ शकते. खांदा उतरवणं महागात जातं, खोल गेलेला मुंढा तर परत वर आणताच येत नाही, कापलेलं कापड कुठनं आणणार? तेव्हा जे नंतर सुधारता येत नाही ते दुकानात बघायचं, बाकीचं शिवणीवर सोडायचं. वैनींनी हे उलटं करत आणलं होतं. त्या आरशात पोट बघायच्या.

पहिल्या दुकानात टेप काढल्या काढल्या मालक म्हणाले, "मोजू नका बाई, मळतंय." टेप मळतो हे मला नवीन होतं. आम्ही मापाचा कुर्ता काढून नुसता वर पसरला. त्यांना ते जास्त आवडलं नाही, पण बोलले नाहीत. तिथं काही मिळालं नाही. मारुती गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात काउंटरला एक कन्नड बाई होती. मी पिशवीतनं कुर्ता काढला तशी हसली: "अक्कारे, अळती तंदीरेनु?" अळती म्हणजे माप. हो, आणलंय की, म्हटलं. तिनं स्वतःचा टेप काढला, आकडे चिठ्ठीवरून वाचले आणि कपाटातले कुर्ते लेबलानं शोधायचे सोडून हातानं, खांदा धरून शोधायला लागली. दहा मिनिटांत पाच काढले. मी विचारलं, कुठं शिकलीस? तिची आई बैलहोंगलला झंपर शिवायची.

ट्रायलची खोली म्हणजे जिन्याखालची जागा, पडदा एका बाजूनं अपुरा, आत दिवा डोक्याच्या बरोबर वर. अशा उजेडात कुणीही आजारी दिसतं. वैनींना आधीच सांगून ठेवलं होतं की आरशाकडं बघायचं नाही, समोर फळा आहे समजून प्रमेय लिहायचं. पडद्याच्या वर एक हात हवेत कर्ण काढताना दिसायचा, मग "नको" किंवा "हं". बाहेर उभी एक पोरगी हे बघत राहिली आणि नंतर तिनंही आपल्या कुर्त्यात तसाच हात वर करून बघितला.

चार दुकानं, तीन तास, एकूण १९ कुर्ते मोजले. चिठ्ठीतले तिन्ही आकडे जमले फक्त तिघांत. घेतले दोन. एकावर लार्ज लिहिलंय, एकावर डबल एक्सेल. १९ त ३ हे प्रमाण वाचून कुणी घाबरू नये, पण मला हा आकडा मोलाचा वाटतो. पोरी म्हणतात, मला काहीच बसत नाही. सहातलं एक बसतं. आधी सहा बघायचे असतात हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून दुसऱ्याच कुर्त्यात अंगाला दोष देऊन मोकळ्या होतात.

मोबाइलवरून घ्यायचं तर तोच नियम: साइजचा तक्ता अंगाचा आहे की कपड्याचा ते वाचायचं, तक्त्यात खांदा दिला नसेल तर सोडून द्यायचं. त्यावर जास्त लिहीत नाही.

जुन्या सातांचं काय झालं ते सांगायला हवं. लार्ज आणि ४४ चा एक्सेल होते तसेच. ४१ चा एक्सेल वैनींच्या भाचीला गेला, तिला तो अगदी बेतून शिवल्यासारखा बसला, यावर वैनी दोन दिवस नाराज होत्या. ४४ चा डबल एक्सेल खांद्याला १५.५ होता. बाही काढून, खांदा अर्धा-अर्धा इंच आत घेऊन पुन्हा जोडली. फ्री साइज घरात. त्या नाड्या कापून टाकल्या. ४६ च्या डबल एक्सेलला मी हात लावला नाही. मुंढा वर आणायचा म्हणजे सगळा उसवून नवा कापायचा, मजुरी कुर्त्याहून जास्त. वैनींना ते स्पष्ट सांगितलं.

सगळ्यात वेळ गेला तो जांभळ्यात, आणि तो मला सगळ्यात आवडलाही. माया नव्हती, बाही वाढवायला कापड नव्हतं. मग आमच्या सासऱ्यांची जुनी बंडी आठवली. शेतात दिवसभर हात चालायचा, पण बंडी काखेत कधी फाटली नाही, कारण तिथं एक चौकोनी तुकडा बसवलेला असायचा. तिरपा पडायचा, हात वर गेला की उघडायचा. तोच जांभळ्याला बसवायचा ठरवला. कापड कुठलं? कुर्ता लांबीला ४६, वैनींना हवा ४१. एवढे दिवस त्या हा जादा पाच इंचांचा घोळ मिरवत होत्या. खालून तेवढी पट्टी कापली, त्यातून चार-चार इंचांचे दोन चौकोन काढले, काखेत बसवले. रंग तोच, कापड तेच, कुणाला दिसतही नाही. उरलेल्या पट्टीतून बाहीला एक उभी चीर देऊन त्यात अरुंद कळी, म्हणजे पाचरीसारखा तुकडा, घातली, दंडाला सव्वा इंच मिळाला. वैनी फळ्यापुढं उभ्या राहिल्या, खडू घेतला, आणि पायथागोरस सोडून वर्गसमीकरणापर्यंत गेल्या.

कमीजास्त करायची मजुरी ४२० रुपये झाली. जुन्या सातांचे एकूण ६,६६० आणि त्यातले शाळेत जाणारे चार, म्हणजे १,६६५ ला एक, असं वैनींनी तिथंच करून दाखवलं. माझ्याकडं कापड घेऊन शिवला असता तर अडीच मीटर १८० रुपयांनी ४५० आणि शिलाई ४००, ८५० त झाला असता, हे मी मुद्दाम सांगितलं. दुकानदार आहे मी पण शेवटी. त्यावर वैनींचं उत्तर: "खरं तुम्ही तीन आठवडे लावतासा." गणेशोत्सवाच्या आधी तर पाच.

चार महिन्यांनी एका शनिवारी फोन आला, मागं गल्लीतला गोंगाट. "वन्सं, एकात छाती ४४ आहे, खांदा साडेपंधरा. दुसऱ्यात छाती ४३, खांदा साडेचौदा, खरं रंग बेक्कार आहे." दुसरा घ्या म्हटलं. त्यांनी पहिला घेतला. खांदा आत घ्यायला आता तो माझ्याकडं येऊन पडलाय. आणि ४६ चा डबल एक्सेल अजून दुकानातल्या खिळ्यावरच आहे. त्याच्या खालच्या काठाला चांगली चार इंच वेलबुट्टी आहे, ती उशीच्या अभ्र्याला जाईल असं मी म्हटलं, तर वैनी म्हणाल्या, थांबा, अजून एकदा घालून बघते.